नास्तिक म्हणजे नक्की कोण? वारंवार (आणि बहुतेक वेळा जेवताना) विचारले जाणारे प्रश्न

मी नास्तिक आहे हे आमच्या नातेवाइकांत आता वीस वर्षं माहीत आहे. तरी दर लग्नात, दर बारशाला कोणीतरी पानावर बसलं की सुरू होतं. तेच तेच प्रश्न, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकतोय.

नास्तिक म्हणजे काय, एका वाक्यात सांग.

आजच्या मराठीत, देव आहे असं जो मानत नाही तो. बस. मांस खातो का, दारू पितो का, आईबापांना विचारतो का, यातलं काहीही त्या शब्दात नाही. पण हा अर्थ "आजच्या मराठीत" आहे हे लक्षात ठेवा, कारण खरी गंमत पुढं आहे.

शब्द आला कुठून?

संस्कृतमधून. न अस्ति, म्हणजे "नाही". ज्याचं म्हणणं "नाही" असं आहे तो नास्तिक, ज्याचं "आहे" तो आस्तिक. पाणिनीच्या अष्टाध्यायीत यासाठी चक्क एक सूत्र आहे, "अस्ति नास्ति दिष्टं मतिः", चौथ्या अध्यायात. आता तुम्ही म्हणाल, काय नाही? तर सूत्रात तेच सांगितलेलं नाही! नुसतं आहे आणि नाही. पुढं काशिका नावाच्या टीकाग्रंथात खुलासा येतो की परलोक आहे असं मानतो तो आस्तिक आणि नाही मानतो तो नास्तिक. म्हणजे तिथं देवाचा प्रश्नच नाहीये, मेल्यावर पुढं काही आहे की नाही एवढाच मुद्दा.

याच सूत्रातला तिसरा शब्द लोक विसरतात, दैष्टिक. दिष्ट म्हणजे नशीब, त्यावर भरवसा ठेवणारा तो दैष्टिक. माझ्या मते आपल्याकडे आस्तिक आणि नास्तिक दोन्ही थोडेच, बाकी सगळी जनता दैष्टिक. शब्द मात्र मेला बिचारा.

मग मनुस्मृती. दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात "नास्तिको वेदनिन्दकः" असं येतं, म्हणजे तर्काच्या जोरावर श्रुती-स्मृतींना जो जुमानत नाही तो, आणि अशा माणसाला सज्जनांनी बहिष्कृत करावं असंही तिथंच लिहिलंय. इथं परलोक बाजूला पडला आणि वेद आले. आणि आज आपण बोलतो तेव्हा वेदही बाजूला पडलेत आणि देव आलाय. म्हणजे "नाही" तेच राहिलं, काय नाही ते बदलत गेलं. म्हणून मला कोणी "तू नास्तिक ना?" विचारलं की मी आधी विचारतो, कशाच्या बाबतीत? लोकांना वाटतं मी टाळतोय. टाळत नाहीये, शब्दच अर्धा आहे त्याला मी काय करू.

मग बुद्ध आणि महावीर नास्तिक?

जुन्या हिशोबानं हो. भारतीय दर्शनांची, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखांची, जी शाळेतली विभागणी असते त्यात न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त ही सहा आस्तिक आणि चार्वाक, जैन, बौद्ध ही तीन नास्तिक. कसोटी एकच, वेद प्रमाण मानता की नाही.

आता यातली मजा बघा. मूळ सांख्यात जग निर्माण करणारा ईश्वर नाही, म्हणून तर त्याला निरीश्वर सांख्य म्हणतात. आणि मीमांसक तर वेदांचे सगळ्यात कट्टर वकील, पण कुमारिल भट्टांसारखा माणूस जगाचा कर्ता असा कोणी ईश्वर आहे हे खोडून काढत बसतो, कारण त्यांच्या मते वेद कोणीच रचलेले नाहीत, देवानं पण नाही. म्हणजे देव न मानणारा आस्तिक! आणि उलट जैनांकडे बघा, मंदिरं, मूर्ती, पूजा, पर्युषण सगळं आहे, फक्त जगाचा निर्माता नाही, तरी दर्शनांच्या यादीत ते नास्तिक. हे मी एकदा मावशीच्या शेजारच्या जैन काकूंना सांगायला गेलो होतो. परत गेलो नाही.

चार्वाक म्हणजे तोच ना, कर्ज काढा आणि तूप प्या?

तोच. पण ते "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्" वाक्य आपल्याला कुठून माहीत झालं ते बघा. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून, चौदाव्या शतकातला ग्रंथ, लिहिणारा वेदान्ती. त्यानं पहिलंच प्रकरण चार्वाकाचं केलंय, म्हणजे मग पुढं एकेक दर्शन वर चढवत नेता येतं. चार्वाकांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेलं. विरोधी पक्षाच्या भाषणावरून एखाद्याचा जाहीरनामा लिहायचा तसलं काम आहे हे.

महाभारतात शांतिपर्वात एक चार्वाक येतो. युद्ध संपून युधिष्ठिर हस्तिनापुरात येतो तेव्हा तो भर सभेत त्याला सुनावतो की भाऊबंद मारून राज्य घेतलंस, कशाला जगतोस. त्याला तिथं राक्षस आणि दुर्योधनाचा मित्र ठरवतात आणि ब्राह्मण त्याला तिथल्या तिथं भस्म करतात. वाद घातला नाही हं कोणी. रामायणात जाबालीचं नशीब जरा बरं, तो रामाला अयोध्येला परत चल म्हणताना परलोक वगैरे काही नसतं, श्राद्धात घातलेलं अन्न मेलेल्याला पोचतं तर मग प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, असलं काय काय बोलतो. राम चिडतो, पण जाळत नाही.

तूपवाल्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कोणी म्हणत नाही, की जळून राख झालेला देह परत कुठला यायला. काशिकेतला "परलोक नाही" तो हाच. तूप हा साइड मुद्दा आहे.

नास्तिक, निरीश्वरवादी, अज्ञेयवादी, निधर्मी, बुद्धिवादी, विवेकवादी... हे सगळं एकच ना?

नाही. निरीश्वरवादी हा नेमका शब्द, ईश्वर नाही असं मानणारा. पण तो बोलण्यात कोणी वापरत नाही, सहा अक्षरी शब्द आहे, पहिल्या घासाला अडकतो. अज्ञेयवादी म्हणजे देव आहे की नाही हे कळण्यासारखंच नाही म्हणणारा. यासाठीचा इंग्रजी शब्द थॉमस हक्स्लीनं १८६९ साली बनवला आणि आपला त्यावरून आला. आगरकरांची भूमिका साधारण ही होती, तरी पुण्यातल्या लोकांनी बारकावे न बघता ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. बुद्धिप्रामाण्यवादी म्हणजे कुठलीही गोष्ट पोथीत आहे म्हणून नाही तर बुद्धीला पटली तर मानणारा, यात देवाचा प्रश्न नंतर येतो. विवेकवादी त्याच्या जवळचाच पण त्यात नीट वागण्याचा भागही येतो, आणि शब्द सौम्य आहे म्हणून हल्ली बरेच जण तो पसंत करतात. घरच्यांना सांगायला सोपा. "मी विवेकवादी आहे" म्हटलं की आत्या म्हणते छान छान.

निधर्मी हा वेगळाच. धर्म नसलेला. आणि इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण देव नसणं आणि धर्म नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी आहे, पण तो सोहळा धम्म स्वीकारण्याचा होता, सोडण्याचा नाही. म्हणजे ईश्वर नाही पण धम्म आहे. उलटं उदाहरण महात्मा फुले. भट-भिक्षुकी, ग्रंथप्रामाण्य, मूर्ती सगळ्यावर कोरडे ओढले, २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, त्यांना नास्तिक म्हणणारे तेव्हाही होते आणि आत्ताही आहेत, पण ते निर्मिक मानायचे, सगळ्यांना निर्माण करणारा एक. त्यांना नास्तिक म्हणणं सरळ चूक आहे, मग ते शिवी म्हणून म्हणा नाहीतर कौतुकानं म्हणा.

आणि पाखंडी?

याची तर पार वाट लागलीय. अशोकाच्या शिलालेखांत "पासंड" म्हणजे नुसता पंथ, आणि बाराव्या लेखात तो म्हणतो की दुसऱ्याच्या पासंडाचा पण मान ठेवा. तोच शब्द पुढं वेदाबाहेरच्यांना चिकटला, मग ढोंगी असा अर्थ आला, आणि आता हिंदी न्यूज चॅनलवर पकडलेल्या बुवाला पाखंडी म्हणतात. म्हणजे आधी नास्तिकाला शिवी आणि आता बाबाला.

अंधश्रद्धा निर्मूलनवाले सगळे नास्तिक असतात ना?

असं लोकांना वाटतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, पण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते दर भाषणात सांगायचे. समितीचं काम करणाऱ्यांत वारीला जाणारे पण मी बघितलेत. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, नरबळी, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, असल्या. भजन, कीर्तन, हरिपाठ, प्रदक्षिणा, यात्रा यांना हा कायदा लागू नाही हे त्यात स्पष्ट लिहिलंय. कोणी "नास्तिकांचा कायदा" म्हणालं तर एकदा वाचायला द्या, चार-पाच पानांचा तर आहे.

हिंदू असून नास्तिक असता येतं का?

कोणाची व्याख्या घेता त्यावर आहे. टिळकांची व्याख्या "प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु" अशी सुरू होते, म्हणजे वेद प्रमाण मानणं पहिलं, मग साधनं अनेक, आणि उपास्य कोणतं याला नियम नाही. सुप्रीम कोर्टानं १९६६ च्या स्वामीनारायण पंथाच्या केसमध्ये ती उद्धृत केलीय. यात मनूचा नास्तिक बसत नाही पण देव न मानणारा मीमांसक आरामात बसतो. सावरकरांच्या व्याख्येत वेदाचीही अट नाही, सिंधूपासून समुद्रापर्यंतची ही भूमी पितृभू आणि पुण्यभू मानणारा तो हिंदू. देव विचारलाच नाही. स्वतः सावरकर आपल्यामागं क्रियाकर्म करू नका म्हणून सांगून गेले.

आणि कायदा तुमचं मन बघतच नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना तर लागू आहेच, शिवाय भारतात राहणारा जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नाही अशा कोणालाही सर्वसाधारणपणे लागू. म्हणजे हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कितीही ओरडला तरी वारसा, लग्न, घटस्फोट सगळं हिंदू कायद्यानंच. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टनं लग्न केलं तर ते रजिस्टर्ड, ना भटजी ना होम, फक्त तीस दिवसांची नोटीस. आम्ही तसंच केलं. त्यातली गंमत अशी की १८७२ च्या मूळ कायद्यात अशा लग्नासाठी "मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही..." असं लिहून द्यावं लागायचं, म्हणजे प्रेमासाठी कागदोपत्री निधर्मी व्हायचं. १९५४ च्या कायद्यानं ती अट काढली.

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहू?

घटनेच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, त्यात न मानण्याचं पण येतं. मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलं की सरकार कोणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही आणि "धर्म नाही" असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे. ही केस कोणी नास्तिकांनी केली असेल असं वाटतं ना? नाही! अर्जदार येशूला मानणारे होते, फक्त ख्रिश्चन धर्म किंवा कुठलाच धर्म आपला नाही असं त्यांचं म्हणणं होतं आणि राजपत्रात तशी नोंद होत नव्हती. म्हणजे देव आहे, धर्म नाही. मगाशी वर जे म्हटलं ते हेच.

प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या मुलीच्या अ‍ॅडमिशनला कळलं. मी "धर्म नाही" लिहिलं. क्लार्क बाई चष्मा वर करून म्हणाल्या, अहो सर सिस्टीममध्ये घेत नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, शीख, ख्रिश्चन, पारशी, इतर. मी म्हटलं इतर करा. त्या म्हणाल्या, इतर केलं की जातीचा कॉलम लाल होतो, आणि पुढं तिला दाखला लागला तर तुम्हीच येणार माझ्याकडं. मागं लाइन लागलेली. हायकोर्टाचा निकाल मोबाइलवर काढून दाखवावा असं मनात आलं, पण दुपारचा दीड वाजला होता आणि त्यांचा डबा टेबलावर उघडा होता. शेवटी "इतर". लाल कॉलम अजून लाल आहे.

२०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले साधारण २८ लाख ६७ हजार निघाले, आणि स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे फक्त ३३ हजारांच्या आसपास. आमच्याकडं जनगणनेला आलेल्या शाळेतल्या गुरुजींनी मला न विचारताच "हिंदू" लिहिलं होतं, त्यामुळं त्या आकड्यात मी धरू नका.

कोर्टात शपथ कशी घेता मग? गीतेवर हात ठेवून?

ते पिक्चरमध्ये. १९६९ च्या शपथ कायद्यात पर्याय आहे, देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करता येते. आमदार-मंत्र्यांच्या शपथेत पण घटनेनंच दोन पर्याय दिलेत, "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" किंवा "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो". पुढच्या शपथविधीला कान देऊन ऐका.

नास्तिक लोक अहंकारी असतात.

हा प्रश्न नाहीये, पण असू दे. भगतसिंगांना तुरुंगात हेच ऐकवलं होतं, की प्रसिद्धीनं डोकं फिरलं म्हणून देव मानत नाहीस, आणि त्यांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात त्यावर अख्खा निबंध लिहिला. तो वाचा. बाकी अहंकारी नास्तिक असतात, मी दोन-तीन ओळखतो, त्यातला एक बहुतेक मीच.

आणि कम्युनिस्ट?

नाही. पुढचा प्रश्न.

गणपतीत आरतीला टाळ वाजवतोस की, मग कसला नास्तिक?

वाजवतो. "घालीन लोटांगण" ला गिरकी पण घेतो. मोदक मी वळतो आमच्यात, कारण बायकोच्या पाऱ्या फाटतात. देव आहे का या प्रश्नाचं माझं उत्तर नाही आहे, घरी वीस माणसं जमलीत का याचं उत्तर हो आहे. काही कडक नास्तिकांना हे चालत नाही, ते म्हणतात तू तडजोड करतोस. करतो.

वडील गेल्यावर दहावं केलंस ना?

केलं. हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, पण विचारतात.

घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही लांब उभे राहिलो. कावळे होते, समोरच्या पिंपळावर पाच-सहा तरी, पण शिवेनात. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. काका म्हणाले, अरे काहीतरी राहिलंय त्यांचं, बोल. आईला सांभाळीन म्हण. मी म्हटलं आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. बहिणीचं कर्ज फेडीन म्हण. म्हटलं. मग धाकट्या आत्यानं डोळे पुसत सांगितलं की दादाला तुझ्या दाढीचा राग यायचा. मी म्हटलं दाढी काढीन. सगळे हसले, आत्या पण. तरी कावळा नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला.

मग तेव्हा तू मानलंस का? नाही. परलोक नाही असंच मला तेव्हाही वाटत होतं, अगदी काशिकेच्या अर्थानं. पण नदीकाठी उभं राहून मोठ्यानं जे बोललो ते बाबांना नाही तर बाकी सगळ्यांना ऐकू गेलं, आणि त्यातलं दाढीसकट सगळं मी केलं. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, माझ्याकडं शब्द नाही.

"अरे देवा" म्हणतोस ते?

म्हणतो. "देव जाणे" पण म्हणतो. आमची आजी साप दिसला की "आस्तिक आस्तिक" म्हणायची, ते जनमेजयाचं सर्पसत्र थांबवणाऱ्या आस्तिक मुनींचं नाव. परवा अंगणात धामण निघाली तर माझ्या तोंडून तेच आलं. नास्तिकाच्या तोंडी आस्तिक! धामण गेली निघून, तिला व्याकरणाशी काय घेणं.

बाईला नास्तिक म्हणताना रूप बदलतं का?

नाही. तो नास्तिक, ती नास्तिक, ते मूल नास्तिक. भाववाचक हवं तर नास्तिकता किंवा नास्तिक्य, आणि आमच्या घरी "तुझा तो नास्तिकपणा".

घरी कसं सांगू? विशेषतः आईला.

सणाच्या दिवशी सांगू नका एवढाच सल्ला. मी सांगितलं तेव्हा आई संकष्टीच्या स्वयंपाकात होती, ती म्हणाली बरं, आणि चंद्र उगवला का बघून ये वर जाऊन. तेव्हापासून दर संकष्टीला गच्चीवर मीच जातो, कारण तिचे गुडघे दुखतात आणि बाकी कोणाला पूर्व कुठं ते कळत नाही. ढग असले की कालनिर्णयमधली वेळ धरतो.